मन लागो न लागो, बसायचं

प्रिय,

रोजच्या प्रार्थना-ध्यानाबद्दलचं तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘मन लागत नसताना हात जोडणं हे ढोंग नाही का?’ या वाक्याखाली तू रेघ मारली आहेस, तेव्हा आधी त्याचंच बोलू. ढोंगाला प्रेक्षक लागतो. बंद खोलीत, कुणाला न सांगता बसलेल्या माणसानं ढोंग करायचं कुणासमोर? देवासमोर म्हणशील, तर तुझं मन कुठे भटकतंय हे त्याला तुझ्याआधी कळत असणार. मन लागो न लागो, बसायचं.

तुझं खरं दुखणं वेगळंच आहे. तीन आठवडे नेम पाळलास, मग तापात चार दिवस गेले, सलग दिवस मोजणाऱ्या मोबाइलमधल्या ॲपनं शून्य दाखवलं आणि तू सगळंच सोडून दिलंस. २१ दिवसांत सवय लागते हे खूळ आलं कुठून, माहीत आहे? १९६०मध्ये एका प्लास्टिक सर्जननं लिहिलं होतं की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान तेवढे दिवस लागतात. त्याचा नियम लोकांनी करून टाकला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या सवयी तपासल्या, तेव्हा सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं. कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत अंदाज थेट २५४ दिवसांवर गेला. एखादा दिवस हुकल्यानं फारसं बिघडलं नाही, हेही त्यांना आढळलं. तुझे चार हुकले. बरं मग? पाचव्या दिवशी बसायला कुणी अडवलं होतं?

सोळाव्या शतकात स्पेनमध्ये अविलाची तेरेसा नावाची ख्रिस्ती जोगीण होऊन गेली. प्रार्थनेबद्दल अधिकारानं लिहिणाऱ्यांत तिचं नाव फार वरचं. तिनं आत्मचरित्रात सरळ कबूल केलंय की काही वर्षं तिचं लक्ष प्रार्थनेपेक्षा तास कधी संपतो याकडेच जास्त असे. आपली लायकी नाही असं वाटून तिनं मध्यंतरी वर्षभराहून अधिक काळ प्रार्थना सोडलीही होती. नम्रतेच्या नावाखाली झालेली ती सगळ्यात मोठी फसवणूक, असं तिचंच म्हणणं. तुझं ढोंगाचं प्रकरण मला याच जातीचं वाटतं.

बसल्यावर काय होतं तेही सांगतो, म्हणजे दचकायला नको. पहिली दोन-तीन मिनिटं बरी जातात. मग नाक खाजतं, पाठ बोलू लागते, एक डोळा हळूच किलकिला होऊन घड्याळाकडे जातो आणि कुणाला तरी द्यायचं राहिलेलं उत्तर तोंडपाठ तयार होतं. उठायची ऊर्मी येते ती इथेच. इथे उठायचं नाही. मन जिथे जाईल तिथून परत आणावं, असं गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय. ते जाणारच हे त्यात गृहीत आहे. चाळीस वेळा गेलं तर चाळीस वेळा आण. पतंजलींनीही योगसूत्रांत अभ्यास, म्हणजे सराव, पक्का व्हायला दीर्घकाळ, सातत्य आणि आदर एवढंच मागितलंय. ‘मूड असेल तेव्हा’ अशी सवलत मला तरी त्यात सापडली नाही.

घरची माणसं मला यंत्र म्हणतात. पाहुणे ताटकळले तरी हा उठत नाही, ही तक्रार जुनीच आहे आणि तिच्यात तथ्यही असेल. पण उमेदीची कितीतरी वर्षं मी ‘आतून येऊ दे’ म्हणत घालवली. आतून काही येत नाही, वेळ मात्र जातो. ती वर्षं आता मागून मिळणार नाहीत. म्हणून हट्टी झालोय. दुसऱ्या कुठल्या उपायानं मी रोज बसलो असतो, असं मला अजूनही वाटत नाही.

तुझ्यासाठी दहा मिनिटं पुष्कळ झाली. दात घासून झाले की लगेच, रोज त्याच जागी, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. अर्धा तास बसायची हौस आली तरी दोन महिने ती दाबून ठेव. प्रार्थना कुठली, ध्यान श्वासावर की नामावर, हे तुझं तू ठरव आणि दर आठवड्याला बदलू नकोस. कंटाळा आला, बसायचं. भांडण झालंय, बसायचं. श्रद्धाच डळमळली असेल तर तेही तिथेच बसून बोल.

ते ॲप आजच काढून टाक. आणि महिन्याभरानं मला लिहिशील तेव्हा किती शांत वाटलं याची वर्णनं नकोत. बसणं झालं की नाही, तेवढं कळव.

तुझा,
काका