प्लेट बसवलेला हात वापरायचा की जपायचा?

मनगटाच्या मोडलेल्या हाडाचे ऑपरेशन होऊन धातूची प्लेट बसली, की हात हलवल्याने ती सरकेल किंवा स्क्रू निघेल, अशी धास्ती बहुतेकांना वाटते. कसबा बावड्यातील एक काकू गोठ्यातील ओल्या फरशीवर घसरल्या होत्या. टाके निघाल्यावर त्या माझ्याकडे व्यायाम शिकायला आल्या, तेव्हाही हात गळ्यातील झोळीतच होता. बोटे सुजून ताठरली होती, मूठ वळताना करंगळी तळव्यापासून दोन बोटे दूरच थांबत होती आणि वेणी घालण्याइतका खांदाही वर जात नव्हता. "मॅडम, हाड जुळेपर्यंत हात हलवायचा न्हाई, असं पै-पाहुण्यांनी बजावलंय," असे त्यांचे म्हणणे होते.

पाहुण्यांची माया खरी असली, तरी प्लेट बसवण्यामागचा हेतूच त्यात हरवतो. हाड जुळायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात आणि तोवर प्लेट व स्क्रू तुकडे जागेवर धरून ठेवतात. बोटांचे सांधे मात्र न हलवल्यास त्याच्या कितीतरी आधी आखडू लागतात. म्हणून ऑपरेशनच्या दिवसापासूनच बोटे पूर्ण उघडणे, मूठ वळणे, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावणे आणि कोपर व खांदा हलवणे आवश्यक असते. मनगट कधी हलवायचे, हे मात्र हाडाची मजबुती आणि एक्स-रे पाहून सर्जनच ठरवतात.

हात हलवणे वेगळे आणि हातावर भार देणे वेगळे, एवढे काकूंना पटायला बराच वेळ गेला. जेवणे, बटण लावणे, चहाचा कप उचलणे ही कामे चालतात; कपडे पिळणे, कळशी उचलणे, हाताचा टेकू देऊन उठणे चालत नाही. भाकरी थापताना मनगट मागे वाकून तळव्यावर जोर येतो, त्यामुळे तीही थांबलीच पाहिजे. त्यांची खरी अडचण निराळीच होती: म्हैस दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत नव्हती. धार काढायला जोराची पकड लागते आणि अशा कामांना बहुधा 3 महिन्यांनंतरच परवानगी मिळते. तेव्हा काकूंनी म्हशीला आंबोण घालत समोर उभे राहावे आणि धार सुनेने काढावी, असे आम्ही ठरवले.

व्यायामाने थोडा ताण आणि दुखणे जाणवतेच. विसाव्याने ते ओसरले, तर घाबरू नये. मात्र बोटांना सतत मुंग्या येणे, आग होऊन सूज वाढत जाणे, कातडी चकचकीत होणे, जखमेतून पू येणे किंवा अंगठा एकाएकी वर उचलता न येणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता सर्जनला दाखवावे. शिवाय पन्नाशीनंतर उभ्या उभ्या पडून मनगट मोडले असेल, तर हाडांच्या ठिसूळपणाची तपासणीही सर्जनना विचारून करून घ्यावी. प्लेटच्या काळजीत ती हमखास राहून जाते.