भरतीचा आलेख : दहा वाजता पाणी किती?

प्रश्न : तक्त्यात सकाळी ६ ला ओहोटी ०.६ मीटर आणि दुपारी १२ वाजून १२ मिनिटांनी भरती २.६ मीटर दिली होती. त्यावरून आलेख काढला, तर १० वाजताचं पाणी मला १.९ मीटर आलं, अकरावीतल्या मुलीला २.०५. बरोबर कोण? शिवाय '२ मीटर पाणी केव्हा?' याची तिला दोन उत्तरं मिळाली. असं कसं?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : मुलगी बरोबर आहे. तुम्ही दोन्ही बिंदू पट्टीने जोडलेत, म्हणून १.९ आलं. पाणी एका चालीने चढत नाही. ओहोटी संपताना ते रेंगाळतं, मधल्या दोन तासांत भरभर वाढतं आणि भरतीपाशी पुन्हा मंदावतं. चढाच्या काळाचे सहा सारखे भाग केले, तर एकूण चढाचे अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ बारांश (बारावे भाग) धरतात. तुमचा चढ २ मीटरचा, म्हणजे पातळ्या साधारण ०.६, ०.७७, १.१, १.६, २.१, २.४३, २.६. हे बिंदू घेऊन हाताने गुळगुळीत वक्र काढा.

पट्टीची चूक सकाळी जास्त महागात पडते. साडेसातला सरळ रेषा १.०८ मीटर दाखवते, वक्र मात्र ०.८८. खाडीच्या तोंडाशी वाळूवरून होडी काढणाऱ्याला हे वीस सेंटिमीटर कमी नाहीत. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, चढ मोठा असतो, त्यामुळे फरकही वाढतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, तो कमी.

आता वाचन. आडव्या अक्षावर १ सेंमी = १ तास, उभ्यावर १ सेंमी = अर्धा मीटर घेतलं, तर एक बारीक घर आडवं ६ मिनिटांचं आणि उभं ५ सेंटिमीटरचं. १० पासून सरळ वर वक्रापर्यंत जा, तिथून आडवं डावीकडे उभ्या अक्षावर. गुण्या लावूनच जा. दहाच्या सुमारास वक्र इतका चढा आहे की पेन्सिल एक घर बाजूला सरकली तरी उत्तर जवळजवळ एक घर बदलतं. त्यामुळे २.०५ लिहावं, २.०४७ लिहिण्यात अर्थ नाही. भरतीच्या माथ्यावर उलट होतं. वक्र सपाट असल्याने पातळी पक्की मिळते, पण नेमकी वेळ सापडत नाही. अक्ष शून्यापासून सुरू होतो का, हेही आधी पाहा.

दोन उत्तरांचं कोडं सोपं आहे. वेळ दिली की पाणी एकच, म्हणून उभी रेषा वक्राला एकदाच छेदते. फलन म्हणतात ते यालाच. पण २ मीटरवरची आडवी रेषा चढताना ९.५५ ला आणि उतरताना २.३० च्या सुमारास अशी दोनदा छेदते. दोन्ही वेळा खऱ्या; उतार चढासारखाच धरून दुसरी काढली आहे.

तक्त्यातला आकडा सागरी नकाशाच्या आधारपातळीपासून, म्हणजे नकाशातली खोली जिथून मोजतात त्या पातळीपासून, असतो. होडीच्या जागी पाण्याची एकूण खोली हवी असेल, तर नकाशातली खोली त्यात मिळवा, आणि तक्ता तुमच्याच बंदराचा घ्या.