पिवळा रुमाल आणि कळव्याचा बोनस

(वाचकांचे प्रश्न, माजी कबड्डी पंच असलेल्या ताईंची उत्तरं)

प्रश्न : ताई, मी ऐरोलीत एका कंपनीत रात्रपाळीला आहे. आमचा क्लायंट फिलाडेल्फियाचा. त्या लोकांशी कामाचं बोलायच्या आधी रविवारच्या अमेरिकन फुटबॉलचं बोलावं लागतं. त्या नादात मला खेळाचं वेड लागलं आणि मी त्यांच्या ईगल्स संघाचा झालो. 13 फेब्रुवारी 2023 ला पहाटे पाच वाजता आम्ही सहा जण मित्राकडे सुपर बोल (तिकडच्या लीगचा अंतिम सामना) बघायला जमलो होतो. 35-35 बरोबरी, दोन मिनिटंसुद्धा उरली नव्हती, आणि पंचांनी आमच्या ब्रॅडबेरीवर होल्डिंगचा, म्हणजे धरून अडवल्याचा, पिवळा रुमाल टाकला (तिकडे फाऊलची खूण तीच). तिथेच मॅच गेली. अख्खा सामना ओढाताण चालवून घेतली आणि शेवटी नियम आठवला? आमच्या टीमलीड मॅडम चीफ्सवाल्या, म्हणजे समोरच्या संघाच्या. त्यांच्याशी तेव्हापासून भांडतोय. 2025 ला आम्ही त्याच चीफ्सना 40-22 असं धुतलं, तरी मिटलं नाही. मामलेदारच्या मिसळीची पैज आहे. निर्णय बरोबर की चूक, तेवढं सांगा.
*एक ईगल्सवाला, ऐरोली*

उत्तर : अरे बाबा, तुझं पत्र येईपर्यंत मला या खेळातलं ओ की ठो माहीत नव्हतं. हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावतात, एवढंच. मग रविवारी दुपारी भाच्याला चरईतल्या घरी बोलावलं, टीव्हीवर ती मॅच लावून घेतली आणि तो प्रसंग अकरा वेळा मागेपुढे करून बघितला. सातव्या वेळेला भाचा चहा टाकायला उठून गेला.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. या खेळात 10 यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. जमलं तर पुन्हा नवे चार. कॅन्सस सिटीचा, म्हणजे चीफ्सचा, तिसरा प्रयत्न होता, 8 यार्ड हवे होते आणि ते फिलाडेल्फियाच्या 15 यार्डांच्या खुणेवर येऊन ठेपले होते. घड्याळात 1 मिनिट 54 सेकंद. त्यांच्या महोम्सने आपल्याच जूजू स्मिथ-शूस्टरकडे चेंडू फेकला, तो त्याच्या हाती न लागता पुढे निघून गेला. रुमाल पडला नसता तर कॅन्ससने लाथेने चेंडू खांबांमधून मारून 3 गुण घेतले असते, आणि उत्तर द्यायला ईगल्सकडे पावणेदोन मिनिटं उरली असती. रुमाल पडला, त्यामुळे 5 यार्ड आणि नवे चार प्रयत्न कॅन्ससला मिळाले. मग त्यांनी घड्याळ खाल्लं. त्यांचा मॅकिनन तर गुणरेषेच्या तोंडाशी जाऊन मुद्दाम खाली बसला! समोरचे त्याला वाट करून देत होते, कारण त्याने लवकर गुण घेतले असते तर ईगल्सना वेळ मिळाला असता. कबड्डीत आघाडीवरचा संघ शेवटच्या चढायांत दम धरून नुसता वेळ काढतो, तसंच. 8 सेकंद उरले असताना त्यांच्या बटकरने लाथेने 3 गुण मारले. 38-35.

आता तो क्षण. जूजू आत जाण्याचं नाटक करतो आणि बाहेर वळतो. ब्रॅडबेरी फसतो. वळणाऱ्या माणसाची जर्सी त्याच्या हातात येते, ताणली जाते. चेंडू अजून महोम्सच्या हातातून सुटलेला नाही, म्हणून याला होल्डिंग म्हणायचं. चेंडू हवेत असताना अडवलं असतं तर गुन्ह्याचं नाव वेगळं, शिक्षाही जबर. हे भाच्याने शिकवलं. ओढ छोटी आहे, पण आहे. आणि मुख्य साक्षीदार तुझ्याच पक्षाचा. सामना संपल्यावर ब्रॅडबेरी स्वतः म्हणाला की जर्सी मी ओढली, सोडून देतील अशी आशा होती. चोर कबूल असताना शेजाऱ्याने वकिली करू नये. निर्णय बरोबर.

पण तुझी खरी तक्रार ही नाहीच. "अख्खा सामना चालवून घेतलं आणि शेवटी नियम आठवला" हे तुझ्या पत्रातलं वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. हे मी आधी एकदा ऐकलंय. समोरासमोर ऐकलंय.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. कळव्यात प्रकाशझोतातली स्पर्धा होती, पुरुष गट, लाल मातीचं मैदान, चुन्याच्या रेषा. पंचांत मी एकटीच बाई. त्यामुळे पहिली दहा मिनिटं प्रेक्षक खेळाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होते. शेवटची चढाई. 27-28. मागे असलेल्या संघाचा रेडर आत आला, समोर सहा जण, म्हणजे बोनस (बोनस रेषेपलीकडे पाय टाकल्याचा जादा गुण) चालू. त्याने बोनस रेषेपलीकडे पाय टाकला आणि परत पळाला. पोरांनी त्याला खांद्यावरच घेतलं, कारण बरोबरी झाली, आता पाच-पाच चढाया होणार.

मी हात हलवला. बोनस नाही. पुढचा पाय रेषेपार जाताना मागचा पाय हवेत हवा, आणि याचा अंगठा जमिनीला होता. मातीवर खेळण्याचा हा एक फायदा. मॅटवर काही उमटत नाही, मातीवर सगळं लिहिलेलं असतं. चार बोटं लांबीची रेघ स्पष्ट दिसत होती. मी तिच्याकडे बोट केलं. गलका झाला, एक चप्पल आली (माझ्यापर्यंत पोहोचली नाही, पाच हात आधीच पडली, नेम वाईट होता). त्या संघाचा कप्तान पुढे आला. पोरगा काटक, भांडखोर म्हणून प्रसिद्ध. तो उकिडवा बसला, रेघ बघितली, उठला आणि हळू आवाजात म्हणाला, "बरोबर आहे ताई. मग मघाशी?"

त्याने तीन बोटं दाखवली. पहिल्या डावात मी तीन बोनस दिले होते. दोन त्यांच्या विरुद्ध संघाला, एक त्यांना. तिन्ही वेळा अंगठा घासला होता. मला दिसलं होतं. सुरुवात आहे, खेळ वाहू दे, कशाला शिट्ट्या मारून रंग घालवायचा, असा विचार केला होता. मी त्याला म्हटलं, "निर्णय झालाय, पाणी पी." दुसरं काय म्हणणार? पण त्या रात्री कळवा पुलावरून रिक्षाने घरी येताना मला कळलं होतं, की शेवटची शिट्टी बरोबर होती आणि चुकलेल्या तीन शिट्ट्या मी वाजवल्याच नव्हत्या. त्याच्या रेडरने जे केलं, ते या मैदानावर चालतं असं मीच त्याला तासाभरापूर्वी शिकवलं होतं.

म्हणून त्या अमेरिकन पंचांना दोष द्यायचाच असेल तर तो 1 मिनिट 54 सेकंदांना देऊ नकोस. आधीच्या तासाभरात कोणत्या ओढी त्यांनी पाहून सोडल्या, त्या शोध आणि त्यांचा हिशोब माग. भाच्याला मी एक-दोन जागा दाखवल्या, तो म्हणाला, "मावशी, तिथे काही नाही." मला वाटतं आहे. पण माझी नजर अंगठ्यांवर तयार झालेली, जर्सीवर नाही. तेव्हा आग्रह धरत नाही.

आणि रुमालानेच मॅच गेली म्हणतोस, तर मध्यंतराला तुम्ही 24-14 पुढे होतात हे विसरू नकोस. तुमचा हर्ट्स काय सुंदर खेळला, पण त्याच्याच हातून कोणी न ढकलता चेंडू निसटला आणि चीफ्सचा निक बोल्टन तो घेऊन 36 यार्ड पळून गुण करून आला. तिथे कुठल्या पंचाने शिट्टी फुंकली होती?

मिसळीचे पैसे तू द्यायचेस.

कळव्यानंतरचं राहिलं. पुढच्या हंगामापासून मी प्रत्येक सामन्यात पहिला घासलेला अंगठा पहिल्या तीन मिनिटांत पकडायचे, मग कोणी कितीही ओरडो. त्याने एक फरक पडला, पोरं पाय उचलायला लागली. दुसरा फरक म्हणजे ठाणे ते बदलापूर माझं नाव अंगठाबाई पडलं. तो कप्तान एकदा बाजारात भेटला, त्याने बायकोशी ओळखही तशीच करून दिली.

प्रश्न : आमच्या टीममधल्या एकाने तुम्हाला पत्र लिहिलंय असं कळलं, म्हणून दुसरी बाजूही मांडते. शेवटच्या दोन मिनिटांत पंचांनी शिट्टी खिशात ठेवावी म्हणणाऱ्यांनी 2019 सालची न्यू ऑर्लिन्सची मॅच बघावी. माझा खरा प्रश्न मात्र वेगळा आहे. एवढे कॅमेरे असताना ही भांडणं उरतातच कशी? सगळं व्हिडिओवर सोपवून टाकलं तर?
*टीमलीड, कोपरी, ठाणे पूर्व*

उत्तर : मॅडम, तुमचा शेरा अगदी वर्मावर आहे. तीही मॅच बघितली. (भाचा आता माझा फोन उचलत नाही.) 20 जानेवारी 2019, सुपर बोलच्या आधीची पायरी, न्यू ऑर्लिन्सचे सेंट्स आणि लॉस एंजेलिसचे रॅम्स 20-20. पावणेदोन मिनिटं राहिली असताना ड्र्यू ब्रीसने टॉमीली लुईसकडे चेंडू टाकला आणि रोबी-कोलमन नावाच्या रॅम्सच्या खेळाडूने चेंडू पोहोचायच्या आधी त्याला अंगावर जाऊन उडवलं. चेंडूकडे बघितलंसुद्धा नाही. रुमाल पडला नाही. सेंट्सना 3 गुणांवर समाधान मानावं लागलं, रॅम्सनी बरोबरी साधली आणि जादा वेळेत 57 यार्डांवरून लाथ मारून 26-23 ने जिंकले. आपण आधीच धडकलो होतो हे रोबी-कोलमननेही नंतर मान्य केलं. न्यू ऑर्लिन्सचे प्रेक्षक कोर्टात गेले, प्रकरण थेट लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं आणि तिथे निकालात निघालं. आपल्याकडे चप्पल फेकतात, तिकडे दावा ठोकतात.

म्हणजे एकीकडे शिट्टी वाजली म्हणून बोंब, दुसरीकडे वाजली नाही म्हणून. न वाजलेली शिट्टी हाही निर्णयच असतो, फक्त तिच्यासाठी पंचाला हात वर करावा लागत नाही.

आता व्हिडिओ. तुमची सूचना तिथे करून झाली आहे. त्याच मॅचच्या गदारोळानंतर संघमालकांनी 31 विरुद्ध 1 अशा मतांनी ठरवलं की अशा अडवणुकीचा निर्णयही व्हिडिओवर तपासायचा. एक हंगाम चाललं. प्रशिक्षक दाद मागायचे आणि बहुतेक वेळा मैदानावरचा निर्णय तसाच राहायचा. कधी एवढ्याशा धक्क्यावर बदलायचा, कधी मोठ्या धक्क्यावर बदलायचा नाही. लोक आणखी चिडले. वर्षभरात नियम गुंडाळला. होल्डिंग तर त्या तपासणीत नव्हतंच, त्यामुळे तुमच्या चीफ्सचा रुमाल तेव्हाही कोणाला उचलता आला नसता.

कारण असं की रेषा आणि ओढ या वेगळ्या जाती आहेत. 28 मार्च 2019 आठवतंय? बंगळुरूला आपल्या मुंबई इंडियन्सविरुद्ध शेवटच्या चेंडूवर 7 हव्या होत्या. मलिंगाचा तो चेंडू नो-बॉल होता आणि पंचाच्या लक्षात आला नाही. मुंबई 6 धावांनी जिंकली. कोहली संतापला, तो बरोबरच होता. (ठाण्यात त्या दिवशी फार कोणी संतापल्याचं मला आठवत नाही.) पुढच्या वर्षी पायाचा नो-बॉल टीव्ही पंचाकडे गेला आणि ते भांडण संपलं, कारण टाच रेषेमागे आहे की नाही हे कॅमेरा सांगू शकतो. जर्सी ओढली हेही कॅमेरा सांगतो. पण त्या ओढीने माणूस अडला का, की तो चेंडू तसाही त्याला मिळणार नव्हता? ते माणसालाच ठरवावं लागतं. आणि संथगतीने बघितलं ना, तर हळदीकुंकवाला जमलेल्या बायकाही एकमेकींना अडवताना दिसतील.

पैज तुम्ही जिंकलात. पण मुलगा तुमच्या हाताखाली आहे, तेव्हा पावाचे पैसे तुम्ही द्या.

प्रश्न : तो पिवळा रुमाल एवढ्या लांब सरळ कसा जाऊन पडतो? आमचा तर वाऱ्याने परत अंगावर येतो.
*इयत्ता सातवी, घणसोली*

उत्तर : त्याच्या टोकाला वजन बांधलेलं असतं. पूर्वी काही पंच छर्रे भरायचे. 1999 च्या डिसेंबरात असा एक रुमाल ऑर्लँडो ब्राउन नावाच्या आडदांड खेळाडूच्या हेल्मेटच्या जाळीतून थेट डोळ्यात गेला. त्याने पंचाला ढकलून आडवं केलं, पण डोळ्याची इजा खरी होती, तो 2003 पर्यंत परत खेळू शकला नाही. तेव्हा घरी प्रयोग करायचा असेल तर रुमालाच्या टोकाला चार तांदूळ बांध, खडे नकोत, आणि धाकट्या भावाला लांब उभं कर.

आमच्या शिट्टीत एक छोटा मणी असायचा. तो कोणाच्या डोळ्यात गेल्याचं ऐकिवात नाही, माझ्या मात्र एकदा घशात गेला होता.