चार वर्षांच्या मुलासोबत रेल्वे संग्रहालय : एकच इंजिन नीट बघा

तुम्ही विचारलंय की मुलगा चार वर्षांचा आहे, झुकझुकगाडीचं वेड आहे, पण रेल्वे संग्रहालयात तो किती वेळ टिकेल आणि त्याला दाखवायचं काय? दीड तास आरामात टिकेल. फक्त सगळं बघून झालंच पाहिजे हा हट्ट आपण सोडायचा. रांगेने दहा इंजिनं दाखवत नेलं की चौथ्यापाशीच मूल "उचलून घे" म्हणतं, कारण त्याच्या उंचीवरून सगळी सारखीच दिसतात. त्यापेक्षा वाफेचं एक मोठं इंजिन निवडा आणि त्याच्यापाशी अर्धा तास काढा.

सुरुवात चाकांपासून करा, ती त्याच्या डोळ्यांसमोरच असतात. एका बाजूने चालत मोजायची : पुढची छोटी, मधली मोठी, मागची छोटी. प्रत्येक आकड्याची दुप्पट केली की इंजिनाची चाकरचना मिळते. पुढे 2, मध्ये 3, मागे 1 असतील तर ते 4-6-2, म्हणजे 'पॅसिफिक'. 1938 मध्ये ताशी 203 किलोमीटर वेगाचा विक्रम करणारं, इंग्लंडमधल्या यॉर्कच्या संग्रहालयातलं 'मॅलार्ड' हे इंजिन याच रचनेचं आहे. मागच्या कोळशा-पाण्याच्या डब्याची, म्हणजे टेंडरची, चाकं मात्र यात धरायची नाहीत. हिशेब चुकतो तो तिथेच.

मग मोठ्या चाकांना जोडणारा जाड दांडा बघा. तो चाकाच्या मधोमध नसून जरा बाजूला बसवलेला असतो. त्याच्या बरोबर समोर, चाकाच्या कडेला, चंद्रकोरीसारखा भरीव तुकडा दिसेल. तो दांड्याचं वजन तोलायला असतो. आता वळसा घालून पलीकडे जा. अलीकडे दांडा अगदी खाली असेल, तर पलीकडे तो पुढे किंवा मागे सापडेल. दोन सिलिंडरच्या इंजिनात हा पाव फेरीचा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. सिलिंडरमध्ये वाफेने मागेपुढे सरकून चाकं फिरवणारा दट्ट्या (पिस्टन) एका टोकाला पोचला की त्या क्षणी वाफेने कितीही जोर लावला तरी चाक फिरत नाही. दोन्ही बाजू एकदम अडकल्या तर इंजिन जागचं हलणारच नाही. शिवाय दट्ट्याला दोन्हीकडून आलटून पालटून वाफ मिळते, म्हणून चाकाच्या एका फेरीत धुराड्यातून चार भपके निघतात. मुलाला हात गोल फिरवून एका फेरीत चार 'झुक' म्हणायला लावा. चार वर्षांच्या मुलाला वाफेचं इंजिन याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही, आणि एवढं समजलं की पुढच्या प्रत्येक इंजिनापाशी तो स्वतःच वाकून दांडा शोधतो.

वाळूची नळीही जरूर दाखवा. मोठ्या चाकाच्या पुढे, रुळाच्या अगदी जवळ येऊन संपणारी बारीक नळी असते. चाक घसरायला लागलं की तिच्यातून रुळावर वाळू सोडतात. एवढ्या अवाढव्य यंत्राला मूठभर वाळू लागते, हे मुलांना फार आवडतं.

मोजपट्टी सोबत असू द्या. रुळांमधलं अंतर दोन्ही रुळांच्या आतल्या कडांमध्ये मोजतात : ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, मीटरगेज 1000, नॅरोगेज 762 किंवा 610. चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण मीटरभर आणि हात पसरले की तेवढंच अंतर, त्यामुळे मीटरगेज तो हातांनीच मोजू शकतो. ज्या रुळांवर गाडी चालते तिथे हे अजिबात करायचं नाही.

संग्रहालयातल्या छोट्या गाडीच्या फेरीचं वचन घरून देऊ नका. पावसात किंवा दुरुस्तीसाठी ती बंद असू शकते आणि मग दिवसभर तेवढंच रडं चालतं. आत गेल्या गेल्या शेवटची फेरी कधी ते विचारून घ्या आणि मूल पहिल्यांदा दमेल तेव्हा त्या गाडीत बसा. एकदम शेवटी ठेवली तर रांगेत उभं राहायचं त्राण उरत नाही.

इंजिनात चढताना मूल पुढे, तुम्ही मागे. उतरताना तोंड इंजिनाकडेच ठेवून उलटं उतरायचं आणि तुम्ही आधी खाली. उन्हात उभ्या इंजिनाचे लोखंडी कठडे चटका देतात, आधी स्वतः हात लावून बघा. बाबागाडी रूळ ओलांडताना काटकोनात न्या. तिरकी नेली की पुढचं चाक रुळालगतच्या खाचेत अडकतं.

पेटवलेलं इंजिन असेल तर लांबच थांबा. निघताना सिलिंडरमध्ये साठलेलं पाणी काढायला खालच्या तोट्या उघडतात आणि वाफेचा झोत मुलाच्या उंचीवरच बाहेर येतो. सुरक्षा झडप तर न सांगताच सुटते आणि तिचा आवाज शिटीइतकाच दचकवणारा असतो. आवाजाला घाबरणाऱ्या मुलासाठी कानांवरचे मफ घ्या आणि ते आत शिरतानाच घाला.

कपड्यांना ग्रीस लागलं तर पाणी लावू नका, डाग पसरतो. कोरड्या कापडाने टिपून घ्या आणि घरी भांड्यांचा साबण चोळून मग धुवा.