विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतल्या लघु संशोधन प्रकल्पासाठी अर्ज करावा का? रक्कम तुटपुंजी आणि कागद फार, असं ऐकलंय.

करा. रक्कम तुटपुंजी असते हे खरं, पण पैसे कमी पडून प्रकल्प अडत नाही, पावतीपायी अडतो.

माझा विषय धरणाच्या फुगवट्यातले प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. दर महिन्याला पाण्याचे नमुने. पीएच मीटर, जाळी, फॉर्मॅलिन यांची तीन-तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, डेडस्टॉकला (टिकाऊ वस्तूंच्या वहीत) नोंद, सगळं बिनबोभाट झालं. घोडं अडलं होडीपाशी. होडी काठावरच्या एका मामांची, फेरीला ४०० रुपये. लेखा विभागातले साहेब म्हणाले, "होडीची तीन कोटेशनं?" म्हटलं, साहेब, त्या काठाला होडीच एक आहे. मग म्हणाले, निदान प्रत्येक पावतीवर रेव्हेन्यू तिकीट लावून सही आणा.

मामा अंगठेबहाद्दर. बारा पावत्या आणि स्टॅम्पपॅड घेऊन मी पुन्हा धरणावर. मामा जाळं सांधत बसले होते. "सर, होडीलाबी तिकीट लागतं व्हय?" म्हणाले आणि हात लुंगीला पुसून बारा वेळा अंगठा उठवला. दोन पावत्यांवर मासळीचे खवले चिकटून आले. ते तसेच फाइलला लावले.

तरीही खर्च अमान्य! कारण काय, तर अंगठ्याला साक्षीदार नाही. यूसी, म्हणजे पैसे ठरल्या कामाला वापरल्याचं प्रमाणपत्र, लटकलं, दुसरा हप्ता सात महिने लांबला, मामांचे पैसे माझ्या खिशातून गेले.

आता मुद्द्याचं. ५,००० रुपयांपर्यंतच्या पावतीला रेव्हेन्यू तिकीट लागतच नाही. ही मर्यादा २००४ सालीच ५०० वरून वाढली. माझ्या बारा पावत्यांची बेरीजसुद्धा ४,८०० होती! मी तसं लेखी दिलं. पत्राची पोच मिळाली, उत्तर नाही. आमचे विभागप्रमुख तेव्हा म्हणाले, "चार हजारांसाठी कशाला वाकडं घेतोस?" सर, चार हजारांसाठी नव्हतंच ते.

तेव्हा बजेट मांडताना उपकरणांचा हेड फुगवू नका, यंत्र शेवटी कॉलेजच्या कपाटात जातं. फील्डवर्कला जास्त ठेवा आणि बिल न देणाऱ्या माणसांसाठी पावतीचा नमुना लेखा विभागाकडून आधीच लेखी मंजूर करून घ्या. अंगठा असेल तर शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या.

अर्थात हे बीसीयूडीच्या, म्हणजे महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळाच्या काळातलं. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात ते मंडळ गेलं, संशोधन मंडळ आलं. शिवाय प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे, तुमचे तपासून घ्या. रेव्हेन्यू तिकिटाचं मात्र तपासायची गरज नाही.