लेकराला काय जमत नाही, ते आधी लिही

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं. चार पानांत एकच गाऱ्हाणं आहे. बीड, लातूर, नांदेड, सगळीकडं फोन केलेस, पण 'एफएएसडीचं', म्हणजे पोटात असताना पोचलेल्या दारूनं लेकराच्या मेंदूला होणाऱ्या नुकसानीचं, केंद्र कुणी सांगितलं नाही. मग आता त्या मायलेकरांना पाठवायचं कुठं? अगं, त्या नावाची पाटी शोधायला निघालीस, तिथंच चुकलं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या (आरबीएसके) तपासणी यादीत हे नाव नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांतही नाही. पण विकासातला विलंब, भाषेतला विलंब, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) आणि अध्ययन अक्षमता यादीत आहेत, बौद्धिक अक्षमता कायद्यात आहे. पोटात असताना पोचलेल्या दारूनं मेंदूचं जे नुकसान होतं, ते यांतल्या एखाद्या रकान्यात बसवता येतं. फक्त रकाना कोणता, ते निदानाच्या नावावरून कळत नाही. त्यासाठी लेकराला काय जमत नाही ते लिहावं लागतं.

लिहायचं कसं, तेही सांगते, कारण तुझ्या पत्रातलं 'मुलगा मंद वाटतो, ऐकत नाही' हे वाक्य कुठल्याच टेबलावर चालणार नाही. शंभर पानी वही घे. दोन आठवडे रोज तीन नोंदी कर: सकाळची, शाळेतली, संध्याकाळची. 'दुकानात साखर आणायला पाठवलं, पन्नासची नोट दिली, सुटे पैसे न घेताच परत आला, आठवड्यात तीनदा.' 'दप्तर भर, बाटली घे, चप्पल घाल असं एका दमात सांगितलं तर दप्तर भरून तिथंच बसतो.' 'काल आलेला पाढा आज येत नाही, परवा परत येतो.' ही शेवटची नोंद मोलाची आहे. काल आलं ते आज येत नाही, याला घरचे आणि मास्तर आळस म्हणतात आणि लेकरू मार खातं. आपण मार का खाल्ला, याचा कालच्या चुकीशी त्याला मेळ लागत नाही. म्हणून माराचा उपयोग शून्य.

ही वही लागते कशाला, ते नीट समजून घे. दिव्यांग प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर बुद्ध्यंक काढतात, तसंच सामाजिक प्रौढता, म्हणजे रोजची कामं आपली आपण किती जमतात ते, मोजतात. त्यासाठी व्हीएसएमएस नावाची चाचणी वापरतात आणि तिच्यातले बरेच प्रश्न लेकराला विचारत नाहीत, मायला विचारतात. स्वतः आंघोळ करतो का? 'करतो की.' एकटा दुकानात जातो का? 'जातो.' माय लाजेपोटी हो म्हणत जाते आणि गुण चढत जातात. आंघोळीला जातो, पण साबण लाव, पाणी घे, अंग पूस हे दारातून सांगत राहावं लागतं, हे ती सांगतच नाही. या लेकरांचा बुद्ध्यंक बऱ्याचदा ७० च्या वर असतो, त्यात असे फुगलेले गुण आले की दिव्यांगत्वाची टक्केवारी ४० च्या खाली आणि पुढचे सगळे दरवाजे बंद. म्हणून चाचणीच्या आदल्या दिवशी मायसोबत वही वाच. खोटं सांगायचं नाहीच, फक्त 'करतो' आणि 'सांगितलं तर करतो' यांतला फरक तिच्या तोंडी बसू दे.

लोक म्हणतात, ताई माणसापेक्षा कागद जास्त बघतात. बघते. भोळ्या कळवळ्यानं आम्ही वर्षानुवर्षं नुसत्या चिठ्ठ्या देऊन माणसं पाठवली, ती रांगेत उभी राहून रिकाम्या हातानं परत आली. तेवढी एक गोष्ट मला अजून टोचते. म्हणून परत सांगते, लेकराला काय जमत नाही ते लिही.

डॉक्टरांचं बोलते. 'चेहरा तर नॉर्मल आहे' असं ऐकशील. १९७३ मध्ये सिॲटलच्या डॉक्टरांनी या आजाराला नाव दिलं, तेव्हा चेहऱ्याच्या खुणांवर भर होता: पातळ वरचा ओठ, नाक आणि ओठ यांच्यामधली पन्हळ सपाट, डोळ्यांची फट आखूड. या खुणा नसलेली लेकरंच जास्त असतात. तेव्हा चेहऱ्यावर वाद घालत बसू नकोस. जन्माचं वजन, आताचं वजन आणि उंची, डोक्याचा घेर, कान आणि डोळे तपासल्याचा कागद हे पुढं कर. ऐकू कमी येत असेल तर निम्मी अडचण तिथंच असू शकते. फिट येत असतील तर तेही वहीत, तारखेसह.

आणि मायला काय विचारायचं? इथं मला तुझा राग आला. सासूसमोर विचारलंस, 'पोटुशी असताना पीत होता का?' ती आता पुन्हा येणार कशाला? एकटी असताना विचार, आणि प्रत्येक मायला विचारायचे तेच प्रश्न त्याच क्रमानं: गोळ्या कुठल्या चालू होत्या, मिश्री-तंबाखू, मग दारू. दिवस गेलेत हे कितव्या महिन्यात कळलं, ते आधी विचार. पुष्कळ बायांचं पिणं त्या आधीचं असतं. शिंदीला दारू न मानणारी घरं आहेत, तेव्हा शिंदी, हातभट्टी, देशी नाव घेऊन विचार. गरोदरपणात अमुक इतकी चालते असं कुठलंही सुरक्षित प्रमाण नाही, हे शांतपणे सांग, पण निवाडा करू नकोस. फाइलीत 'आई दारुडी' असं लिहायचं नाही. कधी, काय, साधारण किती, एवढंच. लेकरू दत्तक असेल किंवा आजीकडं वाढत असेल तर 'माहिती उपलब्ध नाही' लिही आणि पुढं चल. नोंदीतला हा रकाना कोरा राहिला तरी बाकीचे हक्क अडत नाहीत.

आता वाट. सहा वर्षांच्या आतलं असेल तर अंगणवाडीतून सुरू कर. आरबीएसकेचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. त्यांच्याकडून संदर्भ चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठ. तिथली सेवा १८ वर्षांपर्यंत आहे. मानसशास्त्रज्ञ आणि वाचा उपचारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात ते फोन करून विचार, मगच एसटीचं भाडं खर्च करायला सांग. तिथं भागलं नाही तर संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, किंवा अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या मेडिकल कॉलेजातली बालरोग आणि मानसोपचार ओपीडी. शाळेत जाणारं असेल तर गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकाला वही दाखव. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांपासून मिळतं, त्यावर दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो.

दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर. प्रमाणपत्रावर मुदत असेल तर ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेव, नूतनीकरण चुकलं की लाभ थांबतात. ४० टक्के किंवा जास्त असेल तर तहसीलला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज कर, उत्पन्नाची अट तिथं विचारून घे. राष्ट्रीय न्यासाचा निरामय विमा एक लाखापर्यंत आहे, थेरपीचा खर्चही त्यात येतो, पण तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता या चारांनाच. नुसत्या अध्ययन अक्षमतेवर अर्ज भरशील तर फेटाळला जाईल. बघ, परत तिथंच आलो: वहीत काय आहे त्यावर रकाना, रकान्यावर योजना.

तू लिहिलेल्या त्या कुटुंबाचा ऊसतोडीचा कोयता आहे, म्हणजे दसरा-दिवाळीला गाव सुटणार आणि पाडव्याच्या आसपास परत. बोर्डाच्या तारखा जून ते सप्टेंबरात घे. लेकरू मागं राहणार असेल तर हंगामी वसतिगृहात नाव आहे का बघ आणि तिथल्या बाईंना वहीतलं एक पान उतरवून दे: एका वेळी एकच सूचना, शब्द रोज तेच, दिवसाचा क्रम चित्रं काढून भिंतीवर, गलका झाला की बाजूला बसवा. सोबत नेणार असतील तर कागदांचे फोटो बापाच्या मोबाइलमध्ये टाक, झेरॉक्स गावात ठेव.

माय अजून पीत असेल आणि पुन्हा दिवस गेले असतील तर 'उद्यापासून बंद कर' असं चुकूनही सांगू नकोस. रोज भरपूर पिणाऱ्या माणसानं एकदम सोडली की थरथर, फिट, कधी जीवावर बेततं. दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली सोडवायची. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. केंद्र बघताना दोन प्रश्न आधी फोनवर: बाईला ठेवून घेता का, आणि सोबत लेकरू चालेल का. पुष्कळ ठिकाणी फक्त पुरुषांची सोय असते. धाकटी भावंडंही तपासून घे, मोठ्याच्या गडबडीत ती राहून जातात.

जन्माचं वजन नाही म्हणतेस. माता-बाल कार्ड हरवलं असेल तर उपकेंद्रातल्या एएनएम बाईंच्या रजिस्टरात बघ. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर तिथल्या डिस्चार्ज कार्डाची नक्कल माग, अर्ज मायच्या सहीनं. तो कागद आणि भरलेली वही आली की मला फोन कर, आधी नको.

तुझी,
ताई