पहिलं लिनक्स: मिंट टाक आणि सहा महिने बदलू नकोस
४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे म्हणतोस, तर लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घे. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर तपास. मग डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढ. हे टाळूच नकोस! पार्टिशन (डिस्कचे भाग) करताना माझे पुसेगावच्या यात्रेचे फोटो गेले, अजून हळहळ वाटते.

- पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट हे बॅकअपचं साधन लाव. ते सिस्टिम सांभाळतं, फोटो नाही.
- सुडोने सुरू होणारी, म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने चालणारी आज्ञा समजल्याशिवाय चिकटवू नकोस.

नवीन माणूस दर आठवड्याला डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) बदलतो आणि शिकत काहीच नाही. मराठीसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये इन्स्क्रिप्ट ही अक्षरांची मांडणी आहे. अडलास तर रविवारी लॅपटॉप घेऊन साताऱ्याच्या पोवई नाक्यावर ये, बसून बघू.